ताट घेऊन सूर्यामागे

निपाणी ते बेळगाव या रस्त्यावर कुठं काय खावं, हे माझ्याइतकं कुणाला कळत नव्हतं. हे मी सांगत नाही, त्या रस्त्यावरची कुत्री सांगत. सर्व्हिस मोटार थांबली की ती आधी माझ्याकडं बघत. मी ज्या हाटेलाकडं वळेन तिकडं निघत, आणि मी दारातून नाक मुरडून परतलो की तीही शेपट्या पाडून माघारी फिरत. संकेश्वरातला एक भजीवाला तर लांबून माझा फेटा दिसला की जुनं तेल ओतून नवं चढवायचा. हे खरं की खोटं हे विचारायला आता तो भजीवाला राहिला नाही, तेलही राहिलं नाही, तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवण्यावाचून तुम्हाला इलाज नाही.

निपाणीच्या एका पेढीसाठी मी गावोगाव फिरून तंबाखू बघायचो. पान तळहातावर चुरायचं, वास घ्यायचा, आणि शेतकऱ्याच्या तोंडावर ‘बरा हाय’ एवढंच म्हणायचं, की झालं काम. उरलेला दिवस मोकळा. कोगनोळीला एक बाई रस्त्याकडेला चूल मांडून थालीपीठ लावायची आणि वर लोण्याचा एवढा गोळा ठेवायची की थालीपीठ शोधावं लागे. बोरगावात एकाकडं मटकीची उसळ अशी मिळायची, की तिचा वास आला की पलीकडच्या गावचे लोक जेवण झालं समजून आंचवायला उठत. बेळगावात पोचलो की कुंदा. पेढीच्या मालकाला वाटायचं की आमचा माणूस एकेका गावचा माल दोन-दोन दिवस बारकाईनं बघतो. बघत होतोच की.

आम्ही जैन. दिवस मावळायच्या आत जेवण, कांदा-लसूण-बटाटा वर्ज्य, पाणी फडक्यातून गाळून. घरात मी हे सगळं पाळायचो. रस्त्यावर उतरलं की मात्र माझी नजर जराशी अधू व्हायची आणि उसळीत काय काय पडलंय ते नीटसं दिसायचं नाही.

पुढं लढाई सुरू झाली आणि पेट्रोल मिळेनासं झालं. मोटारी कोळशाच्या ग्यासवर चालायला लागल्या. मोटारीच्या पाठीमागं एक उंच भट्टी बसवलेली, तिच्यात कोळसा भरायचा, हातानं पंखा फिरवून तो फुलवायचा, आणि मग मोटारीचं मन झालं तर ती निघायची. सपाट रस्त्यावर ती माणसाच्या बरोबरीनं चालायची. चढ आला की उतारूंनी खाली उतरायचं आणि ढकलायचं. एकदा एका म्हाताऱ्यानं तिकीट काढून मोटारीत आपलं गाठोडं ठेवलं, स्वतः चालत पुढं गेला, आणि मोटार पोचली तेव्हा त्याचं बाजारातलं काम उरकलं होतं.

त्याच सुमाराला माझ्या धाकट्या बहिणीचं जमायला आलं. आमचं घर बेळगावजवळ अनगोळात, थोडी शेती. मुलगा निपाणीचा, शाळेत मास्तर. एका नात्यातल्या लग्नात दोघांनी एकमेकांना बघितलं होतं आणि दोघांच्याही मनात भरलं होतं. राहिला होता तो फक्त मुलाच्या वडिलांचा शब्द. ते येणार, मुलगी बघणार, आणि हो की नाही ते तिथंच सांगणार. त्यांना निपाणीहून घेऊन येण्याचं काम माझ्याकडं आलं, कारण तो रस्ता माझा.

बहीण या बातमीनं खूश झाली नाही. तिचं याआधीचं एक स्थळ माझ्यामुळं गेलं होतं. त्या पाहुण्यांना मी सांगितलं होतं की आमची विहीर इतकी खोल आहे, की दसऱ्याला सोडलेली बादली दिवाळीला पाण्याला लागते. ते लोक घरी गेले, विचार केला आणि निरोप धाडला, ‘पाण्याची तंगी असलेल्या घरची मुलगी नको.’

मी निपाणीला निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली.

“अण्णा, त्यास्नी निस्तं घेऊन ये. बोलू नगंस.”

“आन त्यांनी काय इचारलं तर?”

“व्हय म्हण न्हाईतर न्हाय म्हण. तिसरं काय म्हणू नगंस.”

“अगं, एवढ्या लांबच्या रस्त्यात माणूस मरंल की.”

“मरायचं तर मर, पण गप मर,” ती म्हणाली, आणि आत गेली. ती हसत नव्हती. एक स्थळ गेल्यावर दुसरं इतक्या लौकर येत नाही, आणि आलं तरी हाच मुलगा येत नाही, हे तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं.

मुलाच्या वडिलांना सगळे आप्पा म्हणत. उंच, वाळका माणूस. सगळा जन्म तंबाखूच्या व्यापारात गेला, पण जिभेला तंबाखू लावली नव्हती. नेम कडक. सूर्य डोळ्यांना दिसतोय तोवरच जेवण, आणि जेवताना मौन. पहिल्या घासापासून हात धुवेपर्यंत एक अक्षर नाही. मी गेलो तेव्हा त्यांच्या घरच्या काकूंनी शिदोरी बांधून तयार ठेवली होती. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, वर केळीचं पान.

इथवर मी व्हय आणि न्हाय यांवर तगून होतो. पण शिदोरी बघितली आणि माझ्यातला जाणकार दुखावला.

“काकू, शिदोरी कशाला? मी हाय न्हवं बरोबर. ह्या रस्त्यावर आप्पांस्नी असं जेवायला घालतो की परत घरचं जेवण ग्वाड लागायचं न्हाय.”

काकूंनी आप्पांकडं बघितलं. आप्पांनी माझ्याकडं बघितलं. “ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “पावणं एवढं म्हणत्यात.”

शिदोरी फडताळात गेली आणि आम्ही सकाळच्या मोटारीत बसलो.

तवंदीच्या घाटात सगळ्यांनी उतरून मोटार ढकलली. आप्पांनीही ढकलली. संकेश्वरला पोचेस्तोवर त्यांच्या पोटात नक्कीच कोकलायला लागलं असणार, कारण माझ्या पोटात कधीचं लागलं होतं. मी त्यांना थेट माझ्या भजीवाल्याकडं नेलं. त्यानं मला बघून लांबूनच हात वर केला.

“या या. न्हेमीचं नव्हं का? कांदा ज्यादा?”

मी मागं वळून बघितलं, जणू तो माझ्या मागच्या कुणाशी बोलतोय. मागं फक्त कुत्री होती, आणि तीही माझ्याकडंच बघत होती.

“ह्यो दुसऱ्याच कुणाला तरी समजतोय,” मी म्हणालो.

“व्हय,” आप्पा म्हणाले. त्या एका व्हयमध्ये माझं चरित्र मावलं.

भजीवाला भला माणूस. बिनकांद्याचं काय आहे म्हणून विचारल्यावर त्यानं खूप विचार करून सांगितलं, “च्या.” तोवर मोटारीचा भोंगा वाजला.

हत्तरगीच्या अलीकडं मोटार पुन्हा थांबली. तिथं एका हाटेलात पोह्यांचा चिवडा मिळायचा. त्यात कांदा नव्हता, लसूण नव्हती. मी छाती फुगवून आप्पांना बाकावर बसवलं. त्यांनी आधी पाणी मागितलं आणि विचारलं, “गाळलंय का?” हाटेलवाल्यानं घागरीत डोकावून सांगितलं की आतापर्यंत कुणी तक्रार केलेली नाही. मग मीच पुढं झालो, खांद्यावरचं उपरणं काढलं, चौपदरी केलं आणि पाणी गाळून तांब्या आप्पांच्या हातात दिला.

ते उपरणं गेले कित्येक महिने तंबाखूच्या ढिगांवरून हिंडलेलं होतं, हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा आप्पांनी घोट घेतला होता. त्यांनी डोळे मिटले. मग ते शिंकले. अशी शिंक मी नंतर कुणाची ऐकली नाही. पत्र्यावरची कबुतरं उडाली, आणि आमच्या ड्रायव्हरला वाटलं मोटार आपोआप चालू झाली, म्हणून तो पळत गेला. शिंका थांबल्यावर आप्पांनी डोळे पुसले आणि विचारलं, “माल बोरगावचा का?”

“व्हय.”

“जरा कच्चा हाय,” ते म्हणाले, आणि चिवड्याला हात न लावता उठले. पाण्याशिवाय ते खाणार नव्हते, आणि पाणी तर मी असं करून ठेवलं होतं.

आता ऊन कलायला लागलं. माघाचे दिवस, केव्हा मावळेल ते कळत नाही. आप्पा खिडकीतून सूर्याकडं बघत होते आणि मी आप्पांकडं. उपाशीपोटी, तंबाखूचं पाणी प्यालेला माणूस कुणाच्या पोरीला पसंत करेल असं मला वाटेना. बहिणीचा चेहरा समोर येऊ लागला. तो मी झटकला आणि मनाला सांगितलं, अजून घाटाखालची अव्वा आहे.

वंटमुरीच्या घाटाच्या पायथ्याला एका म्हाताऱ्या कानडी बाईचं छप्पर होतं. पाटी नाही, बाक नाही. तिला सगळे अव्वा म्हणत. बैलगाडीवाल्यांना ती भाकरी घालायची. हे ठिकाण मी शोधून काढलंय असं मी सगळ्यांना सांगत असे. बैलगाडीवाल्यांना तसं वाटत नसे, पण ते माझ्यासारखे बोलके नव्हते. मोटार तिथं येऊन बसलीच. ड्रायव्हर म्हणाला कोळसा फुलायला वेळ लागेल, आणि फुलला तरी घाट सगळ्यांनी चालत चढायचा.

मी अव्वाला सगळं समजावलं. तिनं ऐकलं, आप्पांना वाकून नमस्कार केला, धुवट फडक्यातून पाणी गाळलं, आणि चुलीपुढं बसली. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, वर तूप, बिनलसणीची शेंगदाण्याची चटणी. भाकरी तव्यावरून निखाऱ्यावर गेली आणि टम्म फुगली. तो वास आला आणि आप्पांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदाच माणूस दिसला. सूर्य डोंगराच्या माथ्यावर अजून हातभर वर होता. मी जिंकलो होतो.

जिंकल्यावर मला गप्प बसता येत नाही.

“आप्पा, ही चटणी साधी न्हाय,” मी म्हणालो. “एकदा ही बैलाच्या पेंडीत पडली. बैलानं खाल्ली, आन जो उठला तो भरल्या गाडीसकट, गाडीवान खालीच ऱ्हायला, घाट चढून पार.”

“बैल न्हाय, म्हस व्हती,” अव्वा चुलीपुढून म्हणाली.

“म्हस गाडीला कोण जुपतंय?” ड्रायव्हर.

“जुपली न्हव्हती रं. आपली बांधल्याली व्हती. आन चढली बी न्हाय. बसली.”

“कुठं बसली?” हे आप्पांनी विचारलं. ताट त्यांच्या पुढ्यात आलं होतं. हात भाकरीकडं गेला होता, आणि तिथंच थांबला होता. एकदा घास घेतला की मौन, मग विचारता येणार नाही. म्हणून त्यांना आधी म्हशीचा निकाल हवा होता.

एवढं मोठं गिऱ्हाईक मला जन्मात मिळालं नव्हतं. मी म्हैस रस्त्याच्या मधोमध बसवली. तिच्यामागं बैलगाड्यांची रांग लावली, ती पार यमकनमर्डीपर्यंत नेली. रांगेत एक वरात अडकवली, वरातीत नवरदेव रडवला. अव्वा म्हणाली वरात नव्हती. ड्रायव्हर म्हणाला असेलही. आप्पा म्हणाले, “नवरदेवाच्या मुहूर्ताचं काय झालं?” मी तोंड उघडलं, आणि ताटावरचं ऊन गेलं.

कुणीतरी दिवा मालवावा तसं गेलं. सूर्य डोंगरामागं गेला होता. आप्पांनी हात मागं घेतला आणि वाफाळत्या ताटाला नमस्कार केला.

“झालं,” ते म्हणाले.

अव्वानं ताटाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि कानडीत काहीतरी म्हणाली. मला कानडी चांगलं येतं, म्हणून इथं लिहीत नाही.

ड्रायव्हर मात्र मान वर करून बघत होता. “वर अजून ऊन हाय की,” तो म्हणाला. खरंच होतं. घाटाच्या माथ्यावरची झाडं पिवळीधमक दिसत होती.

“तिथलं ऊन तिथल्या झाडांचं,” आप्पा म्हणाले. “माझ्या डोळ्यांस्नी सूर्य दिसाय पायजे.”

“आन वर गेल्यावर दिसला तर?” मी विचारलं.

आप्पांनी विचार केला. त्यांचा नेम त्यांनी मनातल्या मनात सगळ्या बाजूंनी चाचपून बघितला. “दिसला तर दिसला,” ते म्हणाले, आणि धोतराचा सोगा खोचला.

वाढलेलं ताट मोडायचं नाही, टाकायचं नाही. मी फेटा चुंबळीसारखा डोक्यावर बसवला आणि त्यावर भरलं ताट घेतलं. गाळलेल्या पाण्याचा तांब्या आप्पांनी धरला. मोटारीचा रस्ता वळणावळणाचा, म्हणून आम्ही गुरांच्या वाटेनं सरळ वर निघालो. पुढं आप्पा, मागं मी, आणि माझ्या मागं डोंगराची सावली. ती सावली चढत होती हो. मी स्वतः बघितलंय. मी भरभर चाललो की ती भरभर, मी दम खायला थांबलो की ती टाचेला चाटायची. वरण डुचमळून माझ्या कानात आलं. तूप त्यावरून ओघळून मिशीत आलं, आणि मी सांगतो, कानाकडून आलेलं असलं तरी ते तूप उत्तम होतं. अर्ध्या वाटेवर ऊन दिसलं. आप्पा खाली बसले, मी ताट उतरवलं, आणि ताट जमिनीला टेकेस्तोवर ऊन वर सरकलं. “चला,” आप्पा म्हणाले. असं पुन्हा झालं, आणि पुन्हा. वाळक्या माणसाचे पाय काय चीज असतात ते मी त्या दिवशी बघितलं. आणि जन्मभर लोण्याचे गोळे खाल्लेल्या माणसाचं काय होतं, ते भोगलं.

माथ्यावर आलो तेव्हा सूर्य होता. पश्चिमेकडच्या डोंगरांवर टेकलेला, तांबडा, घाईत. आप्पा एका दगडावर त्याच्याकडं तोंड करून बसले आणि घास घेतला. डोळे सूर्यावर, हात ताटात. न बघता ते भाकरी मोडत होते. ते जेवताना बोलणार नव्हते, आणि माझ्या तर छातीत मोटारीची भट्टी पेटली होती. सबंध दिवसात पहिल्यांदाच आम्ही दोघं गप्प होतो. खालच्या झाडीत एक मोर ओरडला, बस्स. शेवटचा घास, मग तांब्यातलं पाणी, आणि आप्पांनी हात धुतला तोवर सूर्याची एक कड अजून शिल्लक होती.

मग ते माझ्याकडं वळले. “मग मुहूर्ताचं काय झालं?”

मला आवाज फुटेना. मी हातानं खूण केली, की टळला.

ते बराच वेळ हसले.

मोटार रिकामीच धापा टाकत वर आली, आणि आम्ही अनगोळात पोचलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. घरात आईनं दिवसभर राबून पुरणपोळ्या केल्या होत्या, कटाची आमटी, बेळगावातून मुद्दाम आणवलेले मांडे. बहिणीनं माझ्या कानातलं वरण बघितलं आणि तिचा चेहरा पडला. काय झालं असेल ते तिनं आपल्या परीनं ताडलं. वडील हात जोडून आप्पांना म्हणाले, “उशीर झाला. आता कसं जेवणार तुम्ही?”

“जेवलो की,” आप्पा म्हणाले, आणि बसले, आणि सांगायला लागले.

मी पुष्कळ बोललोय आयुष्यात, पण त्या माणसापुढं मी मुका. त्यांच्या गोष्टीत ताट त्यांच्याच डोक्यावर होतं. एका हातानं तांब्या, दुसऱ्या हातानं त्यांनी मला वर ओढत नेलं होतं. सूर्य बुडायला निघाला तेव्हा त्यांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो घटकाभर थांबला. एवढं सांगून ते बहिणीकडं बघून थांबले. ती पाट-पाण्याशी उभी होती. मुलीनं अशा वेळी खाली बघायचं असतं.

“पण आप्पा,” ती म्हणाली, “दोनी हात गुंतल्यालं, मग डोक्यावरचं ताट धरलं कशानं?”

वडिलांनी डोळे मिटले. मीही मिटले.

“आता ध्यानानं ऐकणारं कुणीतरी भेटलं,” आप्पा म्हणाले. “आमच्या घरात मी बोलतो तवा सगळी आपापल्या कामाला जात्यात. पोरगी आमची.”

आई आतच रडायला लागली. बहीण पाया पडली आणि उठताना माझ्याकडं बघून हसली, त्या दिवसातलं पहिलं हसू. मला आनंद झाला. खरंच झाला. पण आनंद झाल्याबरोबर मला आठवलं, की घाटावर जे ताट गेलं त्यातलं मी काहीच खाल्लेलं नव्हतं. एक तुपाची धार सोडली तर सकाळपासून पोटात काही नव्हतं. आतून पुरणाचा वास येत होता.

वडील मला म्हणाले, “तू तर जेवून घे की रं.”

मी उठायला लागलो. आप्पांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“छे छे. असं कसं,” ते वडिलांना म्हणाले, अगदी गंभीर चेहऱ्यानं. “पावण्यांचाबी नेम हाय की. दिस मावळल्यावर त्ये काय खात्यात व्हय? मी दिसभर बघतोय न्हवं त्यास्नी.”

सगळे माझ्याकडं आदरानं बघायला लागले. मी व्हय म्हणालो.